पडद्याकडे पाठ

दुसऱ्या दिवशी लेकीची परीक्षा होती आणि हॉलतिकिटाची साइट सारखी अडकत होती. निलंग्याच्या स्टँडसमोरच्या नेट कॅफेवाल्या चाचांनी माउसला हातसुद्धा लावला नाही. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत लेकीचं नाव घालून एका ओळीचा हुकूम टाइप केला आणि खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ केली. मागे ब्राउझर आपोआप उघडला, लेकीचं नाव भरलं गेलं, पान अडकलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"चाचा, जरा बघा की."

"सांगून झालंय कॉम्प्युटरला, ते करून राहिलंय. बघत बसलो की माझा हात मधी जातो, मग लई घोळ होतो. चहा घ्या."

विनवणी कुणाला करावी, तेच कळेना. अखेर प्रिंटर घरघरला. गोंधळून मी पडद्यालाच हात जोडले.

मधे येऊ नये म्हणून चाचा हळूच बाजूला सरकले.