तीनदा विसळलेली बाटली

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने आणणाऱ्या काकांना चहा दिला की ते आधी कप तीनदा विसळायचे, आणि तेही चहानेच! घोटभर ओतायचा, कप गरागरा फिरवायचा, खिडकीबाहेर फेकायचा. आमची जास्वंद त्या चहावर पोसली.

"नमुन्याची बाटली नमुन्यानंच धुवायची गो. मंग चहानं काय घोडं मारलंय?"

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका हमरापूरकडच्या एका ओढ्याचं पाणी बाटलीत भरून, बर्फाच्या डब्यातून रोह्याला आमच्या प्रयोगशाळेत आणायचे. ओढा वर्षानुवर्षं कसा बदलतोय ते बघायचं, तर पाणी एकाच जागचं हवं. काकांची जागा म्हणजे एक चपटा काळा दगड. बाटलीवरच्या चिठ्ठीत वेळ, जागा आणि शेरा. शेऱ्यात वाट्टेल ते: 'बगळे तीन. म्हैस एक, हलायला तयार नाय.'

एका मे महिन्यात ओढा आटला, तर हे रिकामी बाटली घेऊन हजर! मी वैतागले, "काका, यात काय कपाळ तपासू?"

"पानी नाय, हीपन नोंदच हाय."

घ्या! मी वहीत लिहिलं: 'ओढा कोरडा.'

मग एक नवे साहेब आले. म्हणाले, ओढ्यात कशाला उतरता, पुलावरून बादली सोडा, गाडी थेट जाते. काकांचा चेहराच उतरला.

"पूल खाली हाय, सायेब. तिथं दुसरा वहाळ येऊन मिळतो. जागा बदलली का मागची सगळी वर्षं फुकट. येकदा दगड तरी बघा."

आम्ही तिघं ओढ्यावर गेलो. गणपती जवळ आले होते, वरच्या अंगाला मूर्तींच्या रंगाचे ब्रश धुतले जात होते. साहेबांनी दगडावर पाय ठेवला मात्र, धपकन आत! उठले ते कमरेपर्यंत गुलाबी. तुम्ही असतात तर तुम्हीही माझ्यासारखं ओढणीत तोंड खुपसलं असतं. काका मात्र गंभीर. त्यांनी एक बाटली दगडाजवळ भरली, एक पुलाखाली, आणि दोन्ही साहेबांपुढे धरल्या. दगडाची गुलाबी, पुलाची जवळजवळ नितळ.

"आता सांगा, आपला वढा कंचा?"

साहेब पँट पिळत म्हणाले, "राहू द्या तुमचा दगड!"

त्या महिन्याचा शेरा: 'साहेब एक, गुलाबी.' मी आठवडाभर हसत होते.

यंदा काका गेले. अगदी अचानक. मला फार रडू आलं, आणि त्या गडबडीत पहिला सोमवार आला हे माझ्या डोक्यातूनच गेलं. दुपारी बघते तर दारात त्यांची बायको, हातात तोच बर्फाचा डबा.

"काकू, तुम्ही कशाला आलात एवढ्यात?"

"म्हयना चुकवायचा नाय, म्हनायचे ना. दगड मला दावून ठेवलेला. तीनदा धुतलीय गो, बघ."

मी बाटली घेतली. चिठ्ठीवर मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'जागा तीच. म्हैस तीच. माणूस बदलला.'