शेरेबुकातले शब्द

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि खरं सांगायचं तर कंटाळलो. त्यातही दुर्गुणांच्या शब्दांचं पान आलं की माझा जीव नकोसा व्हायचा. ‘घरी वाचा रे’ म्हणून मी पान उलटायचो. मुलांना वाटे, मास्तर टाळाटाळ करतात. करतच होतो.

ते शब्द मला वडिलांमुळे आले. अण्णा कलघटगीजवळच्या एका खेड्यात मराठी शाळेचे एकटे मास्तर होते. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. मी हुबळीला मावशीकडे राहून इंग्रजी तिसरीत शिकत होतो. तपासणीला येणारे दिपोटी इन्स्पेक्टर शेरेबुकात मराठीत शेरा लिहीत. एका वर्षी नवे साहेब आले आणि त्यांनी इंग्रजीत खरडला. गावात पोस्टमास्तरांना इंग्रजी येई, पण त्यांना विचारणं म्हणजे गावभर दवंडी. म्हणून अण्णांनी तो शेरा चित्र काढावं तसा एकेक अक्षर बघून कागदावर उतरवला आणि रविवारी हुबळी गाठली.

मी डिक्शनरी उघडली. अण्णांबद्दल दोन शब्द होते, इन्डोलन्ट आणि स्लॉव्हनली. आळशी आणि गबाळा. अण्णांना दमा होता, म्हणून ते खुर्चीत बसून शिकवत. कोट एकच, कोपरांवर ठिगळं लावलेला.

“काय म्हणतोय रे साहेब?”

“शांत,” मी म्हणालो. “आणि साधा.”

“बरोब्बर ओळखलंय की रे माणसानं!” अण्णा खूश झाले. हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवर त्यांनी मला मिरची भजी खाऊ घातली.

पुढच्या शेऱ्याची मी वर्षभर धास्ती घेतली. ऐनवेळी अडायला नको म्हणून डिक्शनरीतून असले शब्द शोधून पाठ करत सुटलो. लेझी, केअरलेस, ऑब्स्टिनेट, डिसऑनेस्ट. वर्गात मास्तरांनी पाठ थोपटली. मला मात्र प्रत्येक शब्दाला अण्णांचा कोट दिसे.

वर्षानं तेच साहेब पुन्हा आले. अण्णांनी त्याच कोटात, भरल्या वर्गात त्यांना हात जोडले. “मागल्या साली माझ्याविषयी चांगलं लिहिलंत, उपकार झाले,” म्हणाले. साहेबांना वाटलं, मास्तर तोंडावर चेष्टा करतोय. या वेळच्या शेऱ्यात शब्द होता इन्सोलन्ट. उद्धट! ज्या माणसानं पोरांवर कधी छडी उगारली नाही, तो उद्धट. महिन्याभरात अळनावरपलीकडच्या जंगलातल्या शाळेत बदलीचा हुकूम आला. तिथं बारमाही ओल, आणि यांना दमा.

अण्णा हुकूम घेऊन आले. नवा शेराही उतरवून आणला होता, पण त्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही. कळलं होतं की नाही, मला आजवर ठाऊक नाही.

“बदली रद्द करायचा अर्ज लिही बघू,” ते म्हणाले. “वरच्या साहेबाला मराठी येत नाही म्हणे. मागं सांगितलेलेस ते दोन शब्द घाल त्यात. चांगले होते की.”

मी टाक हातात घेऊन बसलो. वाईट माणसाचे वीसेक शब्द मला तोंडपाठ होते. शांतला काय म्हणतात, साध्याला काय म्हणतात, ते येईना. डिक्शनरी इंग्रजीतून मराठीत, तिच्यात उलटं शोधायचं तरी कसं? अण्णा समोर धापा टाकत बसले होते. मला रडू येत होतं, आणि रडलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. शेवटी दम्याचं आणि बदलीचं मोडकंतोडकं लिहिलं आणि खाली एवढंच जोडलं, “आय ॲम अ गुड मॅन.”

अण्णांनी त्याखाली मोडीत सही केली.

“दोन्ही घातलेस?”

“घातले.”

अर्जाला उत्तर आलं नाही. त्या शाळेत अण्णांनी दोन पावसाळे काढले. तिसरा त्यांना काढता आला नाही.