झेंडूतल्या गोगलगायी

शिर्डीच्या हारवाल्यांसाठी आमच्या गावात झेंडू पिकतो. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या झेंडूत शंखी गोगलगायी शिरल्या, आणि त्यांच्या मागोमाग त्या वेचायची मोहीम आली. बॅनरवर पाहुणे मोठे होते आणि कोपऱ्यात गोगलगाय होती, तीही उलटी छापलेली.

पद्धत साधी आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर पसरायची. सकाळी उचलली की खाली गोगलगायींचा थर सापडतो, तो मिठाच्या पाण्यात टाकायचा. मोहिमेच्या सकाळी हातमोज्यांचे चार जोड आले, चार पाहुण्यांसाठी. फोटो झाला, हातमोजे गाडीत परत गेले आणि उरलेलं शेत शाळेतल्या मुलांनी उघड्या हातांनी वेचलं. त्यांत माझी सात वर्षांची मुलगी होती. मी बांधावर उभा राहून तिला ज्ञान देत होतो. या गोगलगायीत नर-मादी एकाच अंगात असतात, जिभेवर हजारो बारीक दात असतात, शंखासाठी चुना हवा म्हणून ती भिंतीचा रंग खरवडून खाते. बिनशंखाच्या जातींना तो खटाटोप नाही, पण ऊन सोसत नाही. श्रोता मिळाला की मला भान राहत नाही.

भान शेजारच्या आजींना होतं.

"गुरुजी, पोरगी बोटं चाटतीय," त्या म्हणाल्या. "गूळ लई गोड लागतोय जनू."

मी आणखीही वाचलं होतं, जे तिला सांगितलं नव्हतं. उंदरांतला एक जंत गोगलगायीत वाढतो, आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूकडे सरकतो. मी तिचे हात साबणाने तीनदा धुतले, तोंड धुतलं, आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. असा रुग्ण आपण कधी पाहिला नाही, ते म्हणाले. तरी तीन आठवडे लक्ष ठेवा: डोकेदुखी, उलटी, मान ताठ होणं. घाबरू नका, असंही म्हणाले. ते मी बायकोला सांगितलं, स्वतःला सांगायचं राहिलं.

रोज सकाळी तिला हनुवटी छातीला लावायला लावायचो. तिला तो खेळ वाटायचा. ती माझ्याआधी शाळेला निघाली की मी पुस्तकं काढायचो, आणि स्वयंपाकघरात उभा राहून बायकोला जंत मेंदूत कसा चढतो ते वाचून दाखवायचो. ती पोळ्या लाटायची थांबायची. एकदा मुलगी दप्तर विसरली म्हणून परत आली होती, ते आम्हाला नंतर कळलं.

बाराव्या सकाळी तिने हनुवटी खाली नेली नाही. मान सरळ, डोळे समोर. तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, बायकोने मागून तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का गं?"

"नाही."

"मग वाकव की मान."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाकवली तर तो वर चढेल ना."

डॉक्टरांनी तिच्या मानेमागे हात ठेवला आणि हळूहळू डोकं खाली आणलं. हनुवटी छातीला टेकली. बायको खुर्चीत बसली आणि रडायला लागली. डॉक्टरांनी मुलीला काहीच लिहून दिलं नाही. मला मात्र बाहेर बसायला सांगितलं.