काकांची हिब्रू गाणी

प्रेमगीतं ऐकून ऐकून शेवटी ज्याला आपल्या विहीणबाईंपुढे कान धरावे लागले, असा माणूस अख्ख्या आखातात एकच असेल, आणि तो रोज सकाळी पावणेसातला मला ऑफिसला सोडतो. आम्ही त्यांना गाडीवाले काका म्हणतो. मूळचे मिरजेचे, गेली तीस वर्षं बहारीनचे. सीफच्या एका मॉलमध्ये एसीचे इंजिनियर आहेत, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुःखांवर थर्मोस्टॅट दोन डिग्री खाली करणे हा त्यांचा उपाय असतो. ईसा टाउनमध्ये ते आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. गाडीत पुढे त्यांच्या शेजारी म्हसळ्याचे भाई बसतात. ते एका शिपिंग कंपनीत कारकून आहेत. मागे मी, माझी पर्स, माझा डबा आणि कुणाला तरी द्यायला निघालेला एखादा सुटा एसीचा पंखा. वयाने मी काकांच्या मुलीसारखी, पण ते मला अक्का म्हणतात. मिरजेकडची खोड, दुसरं काय! गाडीत कायदा एकच, तो मला पहिल्याच दिवशी ऐकवला होता: "गाडी माझी, गाणी माझी."

आणि गाणी कुठली? तर इस्रायलची. जुनी, भक्तीची, वाळवंटात उंट चालताना वगैरे म्हणायची नव्हेत. एकदम ताजी, धांगडधिंग्याची पॉप गाणी, परवा आलेली. काकांना गायकांची नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांचं आपलं आपलं बारसं केलंय. एक आहे टकल्या, एक झिपऱ्या, एक बांगडीवाली, आणि एक बाई प्रत्येक गाण्यात हुंदका देते म्हणून ती रडवी. दर आठवड्याला तिकडे कुठलं गाणं पहिलं, कुठलं दुसरं याची यादी लागते, ती काकांना नगरपालिकेच्या निकालासारखी पाठ असते. मी दार लावून नीट बसलेसुद्धा नसते, तोवर सुरू. "अक्का, ऐकलं काय? रडवी एकदम पहिल्या नंबरवर! झिपऱ्याचं डिपॉझिट जप्त!" यावर मी काय बोलणार, कपाळ? पण दोन वर्षं रोज कानावर पडलं की दगडालासुद्धा चाल येते. एका रविवारी (इथे तो कामाचा दिवस) मीटिंगमध्ये मी टकल्याचं गाणं गुणगुणत होते, ते माझ्या साहेबाने मला सांगितलं. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन बांगलादेशचा आहे, तो गाड्या धुताना बांगडीवालीचं धृपद म्हणतो. काकू चपात्या लाटतात त्यासुद्धा त्याच ठेक्यावर, आणि हे त्यांना सांगितलं तर लाटणं उगारतात. गाणं खरंच चाललंय की नाही याची काकांची परीक्षा वेगळी होती. "तो नंबरबिंबर सोडा हो. आपल्याकडं कसं, वरातीत बँडवाल्यानं उचललं की समजायचं गाणं चाललं. तिथंही तेच आहे बघा. नवरीच्या मावश्या उठून नाचल्या पाहिजेत. पोरगा सांगतो, रडवीचं ते गाणं लग्नात वाजतंय, न्हाव्याकडं वाजतंय, भाजीवाला वांगी तोलताना म्हणतोय. खलास! आता त्याला मरण नाही."

या वेडाचं मूळ त्या पोरग्यातच आहे. काकांचा एकुलता एक. शेतीच्या पाण्यावर काहीतरी संशोधन करायला दोन वर्षांसाठी म्हणून इस्रायलला गेला आणि तिथलाच झाला. तिकडे दोन धर्मांतलं लग्न लागत नाही, म्हणून तिथल्याच मुलीशी सायप्रसला जाऊन रजिस्टर लग्न केलं. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "मुलगी चहा पिते ना?" पिते म्हटल्यावर त्यांच्या बाजूने प्रश्न मिटला. पुढे नात झाली, आणि खरी पंचाईत तिथे झाली. मुलगा नातीशी मराठीत बोलतो, ती उत्तर हिब्रूत देते. आता ही तक्रार आखातातल्या कुठल्याही मराठी घरात सांगून बघा, लोक तुम्हाला चहा पाजतील आणि आपलं रडगाणं ऐकवतील. माझाच मुलगा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो. काका पूर्वी जिन्यात त्याला अडवायचे, "मराठीत बोल की रे, जीभ झिजते काय?" नात बोलायला लागली तसं त्यांनी हे विचारणं सोडलं. आता ते त्याला नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणतात.

दर शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल व्हायचा. नात पडद्यावर यायची, काकांच्या टकलावरचे चार केस आणि मिशी न्याहाळायची आणि पळून जायची. काकांनी घड्याळ लावून पाहिलं होतं, एक मिनिट चाळीस सेकंद. त्यापुढे कधी गेलं नाही. हे त्यांनी हसून सांगितलं, पण त्या दिवशी सिग्नल हिरवा झाला तरी गाडी काढायचं विसरले. आपण मरू तेव्हा या पोरीला आपण कोण होतो ते ठाऊकही नसेल, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं. मग त्यांनी फोनवर भाषा शिकवणारं ॲप घेतलं. पंधरा दिवसांत सोडलं. म्हणाले, "घोडा सफरचंद खातो! घोडा सफरचंद खातो! अहो, मला घोड्याशी कुठं बोलायचंय?" तेवढ्यात मुलगा म्हणाला की पोरगी दिवसभर रडवीच्या गाण्यावर नाचत असते. झालं. तिला आवडतं तेच शिकायचं. कंपनीतून फुकट मिळालेली डायरी काढली आणि मुलाकडून एकेक ओळ विचारून डावीकडे देवनागरीत हिब्रू, उजवीकडे मराठी अर्थ, असा अभ्यास चालू झाला. यल्ला, म्हणजे चला, आणि खलास हे इथले दोन अरबी शब्द तिकडेही सर्रास चालतात हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी आम्हाला इथल्या टपरीवरचा घट्ट करक चहा पाजला. "तीस वर्षं मी निम्मी हिब्रू बोलतोय की हो!"

उरलेली निम्मी मात्र भलतीच निघाली. पॉप गाण्यांतून शिकलेल्या माणसाला येणार काय? 'जाऊ नकोस', 'माझं काळीज', 'समुद्र', 'तुझ्याशिवाय', 'ही रात्र', हे सगळं काकांना अस्खलित यायला लागलं. समुद्रकिनारी एखादीला कायमचा निरोप द्यायचा झाला असता तर त्यांनी तो व्याकरणशुद्ध दिला असता, पण मीठ मागता येत नव्हतं. अशातच एका शुक्रवारी मुलगा फोन टेबलावर ठेवून दार उघडायला गेला आणि पडद्यावर विहीणबाई आल्या. चांगल्या भारदस्त, कानात मोठ्या रिंगा. काकांना वाटलं, हीच वेळ आहे. दोन्ही हात जोडून, मिरजेच्या अदबीने त्यांनी हिब्रूत सांगितलं की तुझ्याशिवाय मला रात्री झोप लागत नाही. विहीणबाईंनी तोंडाचा आ केला. काकू डावासकट स्वयंपाकघरातून बाहेर. "काय म्हणालात हो त्यांना? तोंड का तसं झालं त्यांचं?" काका घाबरले, आणि माफीची म्हणून जी एकच ओळ पाठ होती ती म्हणून मोकळे झाले. तिचा अर्थ, मला क्षमा कर, मी तुझ्या दारी परत येईन. मग मात्र विहीणबाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी नवऱ्याला हाक मारली. व्याही खांद्यावर टॉवेल टाकून आले, काय झालं ते ऐकलं आणि तिथेच उभ्या उभ्या त्याच गाण्याची पुढची ओळ खड्या आवाजात गायले. काका आम्हाला म्हणाले, "बघा अक्का, सांगत नव्हतो? गाणं चाललंय!" काकू मात्र आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलत होत्या.

मग तिकडे युद्ध पेटलं. मुलाचा फोन लागेना, लागला की मागे सायरन. अशाच एका सकाळी भाई गाडीत बसले आणि हळूच म्हणाले, "काका, रागावू नका ओ. रात्री बातम्या बघतो, ढिगाऱ्याखालची लहान लहान पोरं बघतो. मग ही भाषा आज कानाला सोसत नाय." काकांनी गाणं बंद केलं. ते पुढे कितीतरी महिने बंदच राहिलं. गाडी माझी, गाणी माझी हा कायदा त्यांनी पुन्हा काढला नाही. आम्ही तिघं नुसता एसीचा आवाज ऐकत सीफला जायचो. संध्याकाळी आम्हाला उतरवलं की काका खाली पार्किंगमध्ये काचा बंद करून दहा मिनिटं बसायचे, आणि वरून काकू ओरडायच्या, "या हो वर, भाकरी गार होतीय." मला काकांचं आणि भाईंचं, दोघांचंही पटत होतं आणि कुणाला काही सांगायची माझी छाती होत नव्हती.

तो काळ सरता सरता बातमी आली की मुलगा नातीला घेऊन दहा दिवसांसाठी बहारीनला येतोय, दुबईवरून. गाडीत आवाज न काढता काकांचे ओठ हलत होते. डायरी आठवून बघत होते बिचारे. तीन सकाळी भाईंनी हे पाहिलं. चौथ्या दिवशी त्यांनीच बटण दाबलं. "लावा ओ काका. नात येतेय ना? पोरीशी बोलायला नको? मी आपला बाहेर बघतो." आणि खरंच सीफ येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. काकांनी आवाज अगदी बारीक ठेवला होता.

नात आली. पाच वर्षांची, कुरळ्या केसांची, आणि आल्या आल्या बापाच्या गुडघ्यामागे. काकांनी डायरी उघडून 'माझं काळीज'पासून सुरुवात केली, ती आणखीनच मागे सरकली. काकूंना हिब्रूचं अक्षर येत नाही, पण तासाभरात पोरगी त्यांच्या मांडीवर बसून शिरा खात होती आणि केसांना तेल लावून घेत होती. काका चिडले, "तुला कसं गं जमलं?" काकू म्हणाल्या, "मी डायरी उघडली नाही म्हणून." तीन दिवस असेच गेले. दहातले तीन. काका जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "अक्का, माझं नशीबच एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे बघा," आणि या वेळी हसले नाहीत.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता. सगळे बुदैयाला समुद्रावर गेलो, काकूंनी मलाही ओढून नेलं. वारा एवढा की उतरायची सोय नव्हती. गाडी लावून आत बसून चहा पीत होतो, तर रडवीचं गाणं लागलं. काका गायला लागले आणि टाळ्या वाजवायला लागले. आता सांगायलाच हवं, काका मिरजेच्या भजनी मंडळात पंधरा वर्षं टाळ वाजवत होते. त्यामुळे जगातलं कुठलंही गाणं असो, त्यांचे हात भजनाच्या ठेक्यात पडतात, आणि कडवं संपलं की शेवटचा तुकडा तीनदा वाजवून तिहाई घेतल्याशिवाय थांबत नाहीत. रडवी पुढे धावतेय आणि काका मागून पालखीच्या चालीने निघालेत, असा तो प्रकार. पोरगी मागच्या सीटवरून बघत होती. तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिच्या बाहुलीचा हात उलटा बसवतंय. पहिली तिहाई तिने सोसली. दुसरीला मात्र किंचाळली, "लो, साबा! लो!" म्हणजे नाही, आजोबा, नाही! दोन सीटच्या मधून ती अर्धी पुढे आली, काकांचे दोन्ही हात आपल्या चिमुकल्या मुठींत धरले आणि जिथे पडायला हवी तिथे टाळी पाडली. पुन्हा पाडली. काकांचा चहा मांडीवर सांडला होता, चटका बसला असणार, पण ते हलले नाहीत. नातीने त्यांना मारलेली पहिली हाक 'नाही'ने सुरू झाली होती, आणि हा माणूस डोळे पुसत होता.

पुढचे सहा दिवस आमच्या डोक्यावर शिकवणी चालली. चुकलं की ती कपाळावर हात मारायची, अगदी काकूंसारखा. "यल्ला, साबा!" आणि पुन्हा पहिल्यापासून. मग ती गेली. विमानतळावरून परतल्यावर काकांनी घरातला एसी दोन डिग्री खाली केला, एवढंच मला काकूंनी सांगितलं.

आता परवाचीच गोष्ट. शुक्रवारी दुपारी मी काकूंचा डबा परत द्यायला वर गेले, तर कॉल चालू होता. काका पडद्यासमोर बसून टाळ्या वाजवत होते आणि साफ चुकत होते. तोच भजनी ठेका, तीच तिहाई. तिकडून पोरगी जीव तोडून ओरडत होती, "लो, साबा!" ती शिकवायची, काका मान डोलवायचे, दोनदा बरोबर वाजवायचे आणि तिसऱ्यांदा परत पंढरी गाठायचे. मी घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता. मला त्यांची कीव आली. म्हटलं, वय झालं, आता काही हा हात वळत नाही.

रविवारी सकाळी ईसा टाउनच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो. बारीक आवाजात तेच गाणं लागलं. काका समोर बघत होते आणि त्यांची बोटं स्टिअरिंगवर पडत होती. एकही ठोका चुकत नव्हता. कडवं संपलं, तिहाई आली नाही. रडवी धावली तिथे बोटं धावली, थांबली तिथे थांबली. मी बघत राहिले. भाईंनीही खिडकीबाहेरची नजर वळवून त्या बोटांकडे पाहिलं.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला येतंय की हो!"

त्यांची बोटं थांबली. आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं.

"तिला सांगू नका हं, अक्का," ते म्हणाले. "मला आलं असं कळलं, तर ती फोन ठेवंल."

भाईंनी हात पुढे करून गाण्याचा आवाज थोडा मोठा केला.