मधल्या खिडकीतून मारलेली हाक

आमचे पायलट मामा गाडी चालवताना रुग्णाशी अखंड बोलत. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला कागदोपत्री पायलट म्हणतात, आणि मामांनी ते फारच मनावर घेतलंय, असं मी त्यांना चिडवायचे. नजर रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर आणि पाठीमागची छोटी खिडकी कायम उघडी. तिच्यातून ते नावानं हाका मारत, "पार्वताबाई, ऐकू येतंय नव्हं? आलोच आपण." मी नवी डॉक्टर, मागं शीर शोधण्यात घामाघूम. त्या बडबडीचा सुरुवातीला मला वैताग यायचा.

"नावाला जीव वळतो, मॅडम," ते म्हणत. "पेशंट, पेशंट म्हणलं तर कोण वळंल?" म्हणून त्यांच्या गाडीत आधी नाव, मग नाडी. बिडकीनच्या एका अडलेल्या बाईला मी नाव विचारलं, तर कळांच्या भरात तिला वाटलं, नवऱ्याचं विचारतेय. ती लाजून मान हलवत राहिली. "नवऱ्याचं ऱ्हाऊ दे गं माय, तुझं सांग!" मामा पुढून ओरडले. ती तशातही हसली.

मग चितेगावजवळचा तो कॉल आला. थंडीतली सकाळ, मोटरसायकल घसरून पडलेला एक मुलगा. शुद्ध नव्हती, सोबत कुणी नव्हतं. जॅकेटच्या खिशात कंपनीचं कार्ड सापडलं. मी नाव वाचलं आणि मामांनी हाका सुरू केल्या, "सुनील, ए सुनील, डोळं उघड बाबा."

अर्ध्या वाटेत मी त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं आणि कार्डावरचा फोटो नीट पाहिला. तो चेहरा याचा नव्हता. मी कार्ड उलटं करून ठेवलं आणि गप्प राहिले. आता सांगून काय उपयोग, असं वाटलं म्हणून, की मला माझी चूक झाकायची होती म्हणून, हे अजून ठरवता येत नाही. दवाखान्याच्या दारातच मुलगा गेला. दुपारी त्याचा भाऊ आला तेव्हा कळलं, जॅकेट मित्राचं होतं, थंडीपुरतं मागून घेतलेलं. मुलाचं नाव मिलिंद.

"शेवटच्या वाटंला दुसऱ्याच्याच नावानं हाका मारल्या म्या," मामा एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मधली खिडकी बंद झाली. डबा तसाच घरी परत जाऊ लागला. ताणतणावावर आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. रुग्णात गुंतू नका, असं सांगून झाल्यावर एक फॉर्म दिला. 'झोप नीट लागते का?' या प्रश्नापुढं मामांनी लिहिलं, 'ड्युटी असते.' सगळे हसले, मीही हसले. पण रिकामी गाडी चितेगाववरून परत येताना ते काच खाली करून एकदाच हाक मारत, "मिलिंद..." मी तेवढा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे.

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. कन्नडला गावी निघाले त्या दिवशी मला राहवलं नाही. एसटीजवळ उभं राहून मी फोटोचं सगळं सांगून टाकलं.

"आरशात तुमचं तोंड दिसलं, तवाच समजलं मला," ते म्हणाले.

"मग तुम्ही हाका का थांबवल्या नाहीत?"

"खरं नाव होतं कुठं आपल्यापाशी? गप बसलो असतो तर एकटंच गेलं असतं लेकरू." मग पिशवी उचलत म्हणाले, "पण तुम्ही तवाच बोलायला पाह्यजे होतं. मीबी इचारायला पाह्यजे होतं. दोन वर्षं एका गाडीत एकेकटंच बसलो आपण."

मला रडू आवरलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गाडीत चढले.

आता चितेगाव आलं की मीच काच खाली करते. परवा नव्या पायलटनं विचारलं, "मॅडम, कुणाला हाक मारता?" मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सगळं सांगितलं. कार्ड उलटं ठेवल्याचंसुद्धा.