अंगठ्याने तपासलेले ब्रेक

७ फेब्रुवारी १९५६, सकाळी आठ वाजता मी चाकणच्या एका आडत्याच्या मोटारीची पुढची दोन्ही चाके उतरवली. चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली माझे काम चाले. गाडी पंचवीसएक वर्षांची, देश सोडून जाणाऱ्या इंग्रज साहेबाकडून घेतलेली. पुढच्या ब्रेकचे लायनर झिजून लोखंडाला टेकले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती खंडाळ्याचा घाट उतरून पनवेलला जायची होती. आडत्याची मुलगी पहिलटकरीण; तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचे होते.

लायनर बसवण्याचे काम दिसायला सोपे आहे. जुनी पट्टी काढायची, नवी पट्टी कमानीसारख्या लोखंडी शूवर आवळून भोके पाडायची आणि तांब्याचे रिवेट ठोकायचे. कौशल्य एवढेच, की रिवेटचे डोके पट्टीत खोल गेले पाहिजे. ते वर राहिले, तर ब्रेक दाबल्यावर पट्टीऐवजी तांबे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासते आणि गाडी थांबायची तेवढी थांबत नाही.

ही खोली डोळ्यांनी पाहायची असते. मी ती वर्षभर अंगठ्याने पाहत होतो.

मला तेव्हा बेचाळिसावे चालू होते. हातातले काम धूसर दिसे. हात लांब केला की स्पष्ट होई. पण लांब हाताने रिवेट ठोकता येत नाही. चष्मा लावणाऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी देईल, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. घरीही सांगितले नव्हते. वर्तमानपत्र वाचणे सोडले, आणि त्यात वाचण्यासारखे काही नसते असे म्हणू लागलो.

दुपारी काम झाले. आडत्याचा ड्रायव्हर माझ्याच वयाचा, बोलका माणूस. त्याने जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवले. खर्र असा आवाज आला.

"मिस्त्री, वाजतंय की वो."

"नवीन आहे. घासून बसेल."

हे वाक्य प्रत्येक मिस्त्रीला पाठ असते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. त्या दिवशी ते खरे होते की नाही, हे मला ठाऊक नव्हते. आवाज मात्र खणखणीत निघाला.

"मंग हरकत न्हाई. तुमी म्हंताय म्हंजी बसनारच. मालकीणबाई इचारत व्हत्या, पोटुशी पोर हाय, घाटात बिरीक धरत्याल ना? म्या म्हनलं, चिंचवडच्या मिस्त्रींनी केल्यात, निवांत झोपा."

तो जॅक उतरवायला वाकला. मी जॅकच्या दांड्यावर हात ठेवला.

"थांब. चाक काढ."

"आता काय झालं?"

"काढ म्हणतो ना."

ड्रमच्या आत बोट फिरवले. ओरखडा बोटाला लागला. कोणत्या रिवेटने पाडला ते दिसेना. शू ड्रायव्हरपुढे धरून 'तूच बघ' म्हणावे, एवढे धैर्य झाले नाही. मी रस्ता ओलांडून समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेलो.

या शिंप्याला आदल्या वर्षी चाळिशी लागली, तेव्हा मी चारचौघांत म्हटले होते, "मास्तर, आता सासऱ्याचा सदरा जावयाला बसायचा." लोक हसले होते. तोही हसला होता.

"मास्तर, जरा चष्मा द्या."

त्याने मशीन थांबवले. "कुणाला?"

"मला."

"अरारा! मिस्त्री, चाकाला बाह्या शिवल्या की काय?"

बाकावरची दोन गिऱ्हाइके खदखदली. त्याने चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसला. "सावकाश आणा. आज माझी नुसती इस्त्रीच आहे. उजवी काडी सैल झालीय, दोरा कानाला गुंडाळा."

मशीनवर अर्धवट शिवलेला सदरा तसाच होता. हसण्यापेक्षा ते जड गेले.

चष्मा लावला आणि वर्षभरात प्रथम स्वतःचे काम पाहिले. तीन रिवेटची डोकी पट्टीच्या बरोबरीने चकाकत होती. दुसऱ्या चाकाच्या एका शूवर पट्टी आणि लोखंड यांच्यात नखभर फट होती. असले काम मी दुसऱ्या कोणाच्या हातून चालवून घेतले नसते. ड्रायव्हर शेजारी उकिडवा बसून पाहत होता. त्याने एकच विचारले.

"कवापासनं?"

"वर्ष झाले."



सगळे रिवेट छिन्नीने उडवले आणि नवे मारले. ड्रम पॉलिश पेपरने घासला. गाडी निगडीपर्यंत नेली. येताना उतारावर पाय दाबला, ती सरळ रेषेत थांबली. दोन्ही ड्रम हाताला सारखे ऊन लागले, म्हणजे दोन्ही चाके सारखी धरत होती. ड्रायव्हर गाडी घेऊन चाकणला गेला. मालकाला काय सांगणार, हे मी त्याला विचारले नाही.

मग तळवड्याची गाडी आठवली. एका बांधकाम ठेकेदाराची. तिचे ब्रेक मी दिवाळीत केले होते, याच अंगठ्याने. शिंप्याला चष्मा परत दिला, दुसऱ्या दिवसासाठी तोच पुन्हा मागितला, आणि सायकल काढली.

पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. ठेकेदार ओट्यावर चहा पीत होता.

"या मिस्त्री! आज इकडं कुठं वाट चुकलात?"

"तुमचे ब्रेक पुन्हा करायला हवेत. मी सकाळी येतो. तोवर गाडी बाहेर काढू नका."

"का? चांगली थांबते की."

"मला जवळचे दिसत नाही. वर्षापासून."

त्याने बशी खाली ठेवली. "म्हणजे दिवाळीत काय चाचपून बसवलेत ब्रेक?"

"हो."

"आणि आम्ही पोरंबाळं घालून जेजुरीला जाऊन आलो तिच्यात!"

  तो उठून आत गेला. आत बायकांचे आवाज चढले. मला कोणी बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

गाडी अंगणात होती, तोंड उताराकडे. कुंपणाशी पडलेले दोन दगड आणले, पुढच्या दोन्ही चाकांपुढे ठेवले आणि टाचेने आत रेटून घट्ट केले.