आत्याची मूठ

माझी आत्या हट्टी आहे, हे मी तिला तोंडावर सांगते. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती चारशे माणसांचा स्वयंपाक करते आणि तीस वर्षांत तिने मापाला हात लावलेला नाही. मीठ मुठीने टाकायचं, मग पळीतले दोन थेंब तळहातावर घेऊन चाखायचे.

तिच्या हिरडीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी चूळ भरायचं औषध दिलं. "दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ. टाक्यांवर ब्रश लावायचा नाही, म्हणून हे चुकवायचं नाही. चव थोडी बिघडेल, दातांवर डाग पडतील. डाग मी नंतर काढून देईन." चवीचं आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कामावर परतली त्या दिवशी बटाट्याचं सूप होतं. पातेल्यात तीन मुठी मीठ टाकून तिने चाखलं. अळणी! चौथी टाकली. तरी अळणी. मग पाचवी. पहिल्याच घोटाला लोकांनी तोंडं वाकडी केली, वाट्या भरलेल्या परत आल्या. मॅनेजर म्हणाले, "ताई, उद्याही असंच झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

घरी येऊन ती औषधाच्या बाटलीकडे डोळे वटारून बसली. मी म्हटलं, "आत्या, दोन दिवस बंद ठेव ना ते."

"आणि हिरडी चिघळली तर? परत कापून घ्यायला तू बसतेस का?" तिने झाकणभर औषध तोंडात घेतलं, नाक मुरडत घोळवलं, थुंकलं. "अगं, हाताने तीनच मुठी टाकल्या होत्या. हात बरोबर होता. मीच मेलीने जिभेचं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम तेच सूप केलं. तीन मुठी टाकल्या आणि पळी खुंटीला अडकवली. मॅनेजर स्वतःचा चमचा घेऊन आले. तिचा जीव टांगणीला लागला होता, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्यांनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला, मग वाटीच मागितली.

पुढचे सगळे दिवस ती न चाखता रांधत होती. पातेली रिकामी होत होती. आठवड्याभरात मॅनेजरांनी चमचा आणणंही सोडलं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हिरडी तपासली. "सुरेख भरली आहे. औषध बंद. डाग आत्ताच काढू या?"

"उद्या," आत्या म्हणाली. "आज मॅनेजरांना दाखवायचे आहेत. औषधाने जीभ बिघडली होती, हात नव्हे, हे कळू दे त्यांना."

आणि फोटोतसुद्धा ओठ मिटून बसणारी माझी आत्या कॅन्टीनच्या दारात उभी राहून बत्तीसच्या बत्तीस तपकिरी दात दाखवत हसली.